ओट्यावरचं कपाट एक सूत खाली आलंय, कुठला स्क्रू घेऊ?

मिसळणाचा डबा · रविवार, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. पुण्यात दीड वर्षापूर्वी नवीन फ्लॅट घेतला आणि मॉड्युलर किचन करून घेतलं. ओट्याच्या वर भिंतीला तीन-तीन फुटांची तीन कपाटं आहेत. गेल्या आठवड्यात मधल्या कपाटाचं दार शेजारच्या दाराला घासायला लागलं. बिजागरी सैल झाली असेल म्हणून मीच पिळून पाहिली. मग लक्षात आलं की दार जागेवर आहे, अख्खं कपाटच खाली आलंय. फार नाही, एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर. पण वरच्या बाजूला भिंत आणि कपाट यांच्यात फट पडलीय आणि त्यात पोस्टकार्ड सहज जातंय.

ज्यांनी काम केलं त्यांना फोन केला. "ताई, येऊन दोन स्क्रू जास्त मारून देतो, काही होत नाही." ते येतील तेव्हा येतील. तोवर आपणच करू म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर त्याने काउंटरवर पाच पुड्या ओतल्या. काळे, पिवळे, पांढरे, स्टीलचे आणि पान्याने फिरवायचे षटकोनी डोक्याचे. मी विचारलं, कपाटाला कुठले? तर म्हणे काळे न्या, सगळे सुतार तेच नेतात.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मांडणीला चाळीस वर्षांत काही झालं नाही, आणि ती चार खिळ्यांवर होती.

तर कुठला स्क्रू घेऊ? किती लांब? किती जाड?

उगाच · सकाळी ९:०५

दाराला घासतंय म्हणजे शेजारधर्म सुरू झाला. फट वाढली की पोस्टकार्डाच्या जागी आंतर्देशीय ठेवून बघा.

गिरमिट · सकाळी ९:२०

एवढं घाबरायचं कारण नाही. माझ्या डोंबिवलीच्या घरी बारा वर्षं काळ्या स्क्रूंवर कपाटं उभी आहेत. भोकात एम-सील भरा, ओलं असतानाच स्क्रू पिळा, विषय संपला.

ओळंबा · सकाळी ९:४०

ताई, स्क्रूचं नंतर. आधी त्या कपाटातले डबे काढा. आज, आत्ता. ज्या भोकातून स्क्रू एक सूत वाकला तिथून तो उरलेला यायला वेळ घेत नाही, आणि खाली तुमची शेगडी आहे. दार उघडून त्याला लोंबकळू नका आणि मुलांना ओट्यावर चढू देऊ नका.

डबे काढून झाले की चार गोष्टी सांगा.

भिंत कशाची आहे? बिल्डरच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. कपाटाच्या वर, जिथे दिसणार नाही तिथे, एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. भुकटीचा रंग सांगा, ड्रिल किती जोर लावून गेलं ते सांगा. एक जुना स्क्रू काढून पट्टीवर मोजा. आणि कपाटाच्या आत वरच्या बाजूला जाड प्लायची पट्टी आहे का, की स्क्रू नुसत्या पातळ पाठीतून मारलेत, तेही बघा.

स्क्रू हा या साखळीतला शेवटचा प्रश्न आहे. आधी भिंत, मग गिट्टी (भोकात बसवायची नळी, जिच्यात स्क्रू पिळतात), मग स्क्रू. आपल्याकडे उलटं चालतं. खिशात जो स्क्रू असेल त्याला बसेल ती गिट्टी आणि ती जाईल ती भिंत.

सहा_सूत · सकाळी १०:१५

ओळंबा काकांना अनुमोदन. आमचं सांगलीला फर्निचरचं वर्कशॉप आहे, वडील सुतार. गिरमिट, तुमच्या डोंबिवलीच्या इमारतीत लाल विटेची भिंत असणार. बारा वर्षं कपाट टिकलं याचं श्रेय विटेला द्या, स्क्रूला नको.

काळा स्क्रू मुळात जिप्सम बोर्ड पत्र्याच्या चौकटीला मारण्यासाठीचा. ड्रायवॉल स्क्रूच म्हणतात त्याला. पटकन पिळला जावा म्हणून तो कडक केलेला असतो, आणि कडक लोखंड वाकत नाही, तुटतं. पक्कडीत धरून हातोडीचा एक फटका द्या, काडीसारखा मोडतो. पिवळा लाकडाचा स्क्रू तसाच ठोका, तो वाकेल, तुटणार नाही. भिंतीवरच्या कपाटाला वाकणारा बरा, निदान खाली येण्याआधी दाराला घासून सांगतो तरी. शिवाय काळ्यावरचा लेप गंजाला फार काळ थोपवत नाही आणि आपलं स्वयंपाकघर म्हणजे रोजचा कुकर, रोजची वाफ.

सुतार तो का नेतात? स्वस्त आहे, टोकदार आहे, आधी भोक न पाडता प्लायमध्ये घुसतो आणि बिटवर नीट बसतो. खोक्याच्या कामाला आम्हीही कधी वापरतो. भिंतीत नाही.

गिरमिट · सकाळी १०:३०

बरं, वीट तर वीट. पण तुमच्या सांगलीत एम-सील चालत नाही का?

ओळंबा · सकाळी १०:५०

एम-सील वाईट नाही, पण ते ज्याला चिकटतं ते तिथे राहायला हवं. भोकात भुकटी असते. एम-सील भुकटीला चिकटतं आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. कणीक बोटाने ढकलून दोन इंच आत पोचतही नाही, तोंडाशीच थांबते. देवघराच्या घंटेला पुरेल. डब्यांनी भरलेल्या कपाटाला नाही.

मिसळणाचा डबा · सोमवार, रात्री ९:३५

डबे काल दुपारीच काढले. न्हाणीघरातला वजनकाटा आणून सगळे मोजले. तांदूळ, दोन पिठं, डाळी, गूळ, तेलाचा कॅन, वरच्या खणात आईने दिलेली पितळेची भांडी. एका तीन फुटी कपाटात ४८ किलो! मला वाटलं होतं वीसेक असेल.

स्क्रू काळा, ५० मिमी. पहिला तर चिमटीत धरून बाहेर आला, गिट्टीसकट. मधोमध वाकलेला. दुसऱ्याचं डोकंच हातात आलं, बाकीचा आतच. (सहा_सूत, तुमचं भाकीत.) आत वरच्या बाजूला प्लायची पट्टी आहे, सहा सुती, तीन इंच रुंद. तिच्या मागे पातळ पाठ, ६ मिमी. स्क्रू पट्टीतूनच मारलेत, एवढं तरी बरं.

शेजाऱ्यांचं ड्रिल आणलं. आधी पांढरी मऊ भुकटी, पिठीसाखरेसारखी, साधारण अर्धा इंच. मग करडी-पांढरी, रांगोळीसारखी, आणि ड्रिल असं गेलं की मीच भिंतीवर आदळले. भिंत सहा इंची आहे, पलीकडे हॉल.

आणखी एक. टाइल ओट्यापासून दोन फुटांवर संपत नाही, कपाटाच्या तळामागे दोन इंच वर गेलीय. म्हणजे कपाटाचा तळ टाइलला टेकलाय आणि वर मागे भिंतीपर्यंत १० मिमी पोकळी आहे. बॅटरी लावल्यावर दिसलं.

ओळंबा · सोमवार, रात्री १०:२०

शाब्बास. आता सगळं कळलं. पिठीसाखर म्हणजे जिप्समचा गिलावा, रांगोळी म्हणजे सिपोरेक्स, एएसी ब्लॉक, आत हवा असलेला हलका ठोकळा. इतरांच्या उपयोगासाठी: तांबडी भुकटी म्हणजे वीट. करडी, बारीक आणि ड्रिल रडत रडत आत जातंय म्हणजे काँक्रीट. हल्ली अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, लोक ज्याला मायव्हान म्हणतात त्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. आणि आधी जोरात जाऊन मग ड्रिल अचानक पोकळीत पडलं तर पोकळ ब्लॉक.

आता बेरीज करू. तुमचा स्क्रू ५० मिमी. त्यातले १८ पट्टीत, ६ पाठीत, १० पोकळीत. गेले ३४. उरले १६. त्यातले १२ जिप्सममध्ये. ब्लॉकमध्ये गेला फक्त ४ मिमी. साबुदाण्याच्या दाण्याएवढा. तुमचं कपाट दीड वर्षं जिप्समच्या पापुद्र्यावर आणि खालच्या टाइलच्या टेकूवर उभं होतं.

स्क्रूची लांबी मोजायची ती ब्लॉक किंवा वीट सुरू होते तिथून. गिलावा, टाइल, पोकळी यांची लांबी धरायची नाही, ती फक्त वजा करायची. हिशोब असा: पट्टी १८, पाठ ६, पोकळी १०, जिप्सम १२, गिट्टी ५०, आणि स्क्रूचं टोक गिट्टीच्या बाहेर त्याच्या जाडीएवढं यायला हवं, म्हणून आणखी ५. बेरीज १०१. तुम्हाला १०० मिमीचा स्क्रू हवा. चार इंच. ५० वर निम्मंही भागत नव्हतं.

आणि दोन स्क्रू जास्त मारून काय झालं असतं? आणखी दोन भोकं, जिप्सममध्येच.

मिसळणाचा डबा · रात्री १०:३५

चार इंच!! भिंत सहा इंची आहे, पलीकडे निघणार नाही ना?

ओळंबा · रात्री १०:५०

चार इंचांतला सव्वा इंचाहून जास्त भाग भिंतीच्या बाहेरच आहे. भोक भिंतीच्या पृष्ठभागापासून साधारण ७२ मिमी पाडायचं, म्हणजे गिट्टीपुढे सेंटिमीटरभर जागा राहते. भिंत १५० ची आहे, अर्धी बाकी राहते. साडेचार इंची विटेच्या भिंतीला मात्र जपा. आमच्या साइटवर एकाने स्वयंपाकघरातून जोर लावला आणि पलीकडच्या न्हाणीघरातली टाइल पाटावर पडली. आत माणूस होता. त्याचं पुढचं संभाषण इथे लिहिता येणार नाही.

ड्रिलच्या बिटला ७२ मिमीवर चिकटपट्टीचं निशाण बांधा, म्हणजे अंदाज करावा लागत नाही.

सहा_सूत · मंगळवार, सकाळी ७:४०

लांबी झाली, आता जाडी. दुकानात "८ बाय ५०", "१० बाय १००" असं म्हणतात, त्यातला पहिला आकडा गेज. मिलिमीटर नव्हे, इथेच निम्मी माणसं फसतात. ८ गेज म्हणजे साधारण ४.२ मिमी, १० गेज ४.८, १२ गेज ५.५. गिट्टीवरचा आकडा मात्र मिलिमीटर आणि तोच भोकाचा. म्हणजे "आठची गिट्टी, आठचा स्क्रू" ही जोडी कानाला बरोबर लागते आणि भिंतीत सैल बसते. नेहमीची ८ मिमी नायलॉनची गिट्टी ४.५ ते ६ मिमीच्या स्क्रूसाठी असते. त्याहून बारीक घातला तर ती फुगतच नाही. न फुगलेली गिट्टी म्हणजे भोकात ठेवलेली शेंग.

ताईंच्या घरी ८ च्या गिट्टीत बहुतेक साडेतीन मिमीचा काळा स्क्रू होता. चिमटीत येणारच.

डोकं कसं हवं? दुकानदार शक्यतो खाली निमुळतं होणारं सपाट डोकं देतो. ते पट्टीत पाचरीसारखं घुसतं आणि प्लायचे पदर फाकवतं, मग पिळताना आणखी आत जातं. मोठ्या गोल बसक्या डोक्याचा घ्या, नाहीतर रुंद वॉशर घाला. वॉशर एक रुपयाला मिळतो आणि कुणी घालत नाही.

धातू: घरात, पुण्यात, जस्ताचा मुलामा दिलेला पिवळा किंवा पांढरा पुरेसा. समुद्राजवळ असाल तर स्टेनलेस, ३०४. एक सावधगिरी, स्टेनलेस मऊ असतो. त्याला आधी पट्टीत भोक पाडा, आट्यांवर साबण चोळा आणि सावकाश पिळा. घाईत त्याचं डोकं बिटखाली गोल होतं.

ओळंबा · सकाळी ८:३०

सिपोरेक्सबद्दल महत्त्वाचं राहिलं. नेहमीची फुगणारी गिट्टी तिथे कामाची नाही. ती फुगते म्हणजे भोकाच्या भिंतीवर जोर टाकते, वीट तो जोर सहन करते. सिपोरेक्समध्ये निम्म्याहून जास्त हवाच असते. तो चुरतो आणि भोक मोठं होतं. लोखंडी अँकर बोल्ट तर अजिबात नको, तो काँक्रीटसाठी. सिपोरेक्ससाठी वेगळी गिट्टी मिळते. बाहेरून स्क्रूसारखे रुंद, पिळदार पंख असलेली. ती ब्लॉक कापत आत बसते आणि धरून राहते. मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे "एएसी ब्लॉकची गिट्टी" म्हणून मागा. भिंतीच्या पृष्ठभागावर नाही, जिप्सम ओलांडून ब्लॉकमध्ये ढकला. कुठल्या जाडीचा स्क्रू ते पाकिटावर छापलेलं असतं. ८ मिमीची असेल तर साधारण ५ मिमी, म्हणजे १० गेज.

आणि ड्रिलचं हातोडीचं बटण बंद. नुसतं फिरवा. हातोडीने सिपोरेक्सचं भोक आठऐवजी दहाचं होतं, आणि मग जगातली कुठलीही गिट्टी ढिली.

उगाच · सकाळी ८:४५

काका, गिट्टीला आमचे गवंडी रावल म्हणायचे. तो कोण रावल?

ओळंबा · सकाळी ९:१०

रावल नव्हे, रॉलिंग्ज. लंडनमधला कंत्राटदार. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंत न खरवडता विजेचं सामान बसवायचं होतं म्हणून त्याने तागाच्या धाग्याची गिट्टी केली, १९११ साली. त्याआधी भिंतीत मोठा खड्डा करून लाकडाचा ठोकळा बसवायचे, जसं आपण परवापर्यंत करत होतो. नायलॉनची आली ती जर्मनीत आर्टुर फिशरने १९५८ मध्ये केलेली, म्हणून काही जण तिला फिशरच म्हणतात. तुमच्या सासूबाईंची मांडणी, ताई, सागवानी ठोकळ्यावर असणार. खिळे भिंतीत नव्हते, लाकडात होते. आणि मांडणीत ताटं-वाट्या असतात, ४८ किलो नसतात.

मिसळणाचा डबा · सकाळी ११:००

विचारलं. ठोकळेच होते! सासरे स्वतः बसवायचे म्हणे. आता त्या धागा वाचायला बसल्यात.

जांभा · दुपारी १:१५

आमच्या रत्नागिरीकडचं सांगतो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत. बाहेरून दगड, आतून चाळण. एक भोक कडक, चार इंचांवर दुसरं भोक भुसभुशीत मातीत. आखूड गिट्टी नशिबावर. आम्ही १० मिमीच्या, ८० ते १०० लांबीच्या गिट्ट्या वापरतो आणि एखादं भोक फसलं तर सोडून बाजूला दुसरं पाडतो. त्याच भोकात काड्या कोंबत बसत नाही. फार वजन असेल तर रसायनाचा अँकर, पिचकारीतून भरायचा. तो चिऱ्याच्या छिद्रांत शिरून घट्ट होतो. आणि काळा स्क्रू आमच्याकडे एक पावसाळा बघतो, दुसरा बघत नाही.

न्यूजर्सीकर · दुपारी ४:४०

इकडचा गमतीदार फरक. इथे भिंत म्हणजे लाकडी खांब आणि त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. खांब साधारण दर १६ इंचांवर. गिट्टीचा प्रश्नच नाही, स्क्रू थेट खांबात गेला पाहिजे, अडीच-तीन इंची, रुंद डोक्याचा. सगळी कसरत खांब शोधायची. मी फ्रिजवरचं लोहचुंबक भिंतीवर फिरवतो, बोर्डाच्या खिळ्यावर चिकटलं की खाली खांब. पहिल्या वर्षी आईने पुण्याहून आणलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या बोर्डात घातल्या होत्या. मसाल्यांचं कपाट चौथ्या दिवशी ओट्यावर.

भारतातसुद्धा २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत आयकिया आलं, त्यांच्या कपाटांसोबत भिंतीचे स्क्रू येत नाहीत. लोक चिडतात. पण बरोबर आहे, भिंत कशाची ते खोक्यात बसून कळत नाही.

गिरमिट · दुपारी ५:००

एक शंका, भांडण नाही. ४८ किलो अधिक कपाट धरून समजा ७५. चार स्क्रू. प्रत्येकी १९ किलो. एवढं तर काळा स्क्रूसुद्धा सहज पेलेल. मग वाकला का?

ओळंबा · दुपारी ६:१०

चांगला प्रश्न. आणि ७५ बरोबर आहे. तीन फुटी कपाटाला प्लाय पावणेदोन-दोन चौरस मीटर लागतो, पाठ आणि बिजागऱ्या धरून रिकामं कपाट २५-२७ किलोचं.

५ मिमीचा साधा स्क्रूही आडवा कापला जायला शंभर किलोहून जास्त मागतो. कापला जाणं हा धोकाच नाही. कपाट भिंतीला घट्ट दाबलेलं असेल तर बराच भार घर्षणावरच जातो. पण मध्ये १० मिमी पोकळी असेल तर स्क्रू सज्ज्यासारखा बाहेर आलेला असतो आणि टोकावर वजन. तो वाकतो. वाकताना जिप्सम चुरतो, भोक लांबट होतं, आणखी वाकतो. कडक असेल तर एक दिवस तुटतो.

दुसरा जोर बाहेर ओढणारा. कपाटाचं वजन भिंतीपासून साधारण १६ सेंटिमीटरवर आहे असं धरा. ते कपाटाला पुढे झुकवतं, तळ भिंतीला टेकतो आणि वरची रांग ओढली जाते. वरचे स्क्रू तळापासून ६४ सेंटिमीटरवर असतील तर ७५ गुणिले १६ भागिले ६४, जेमतेम १९ किलो, आणि ते सगळ्या वरच्या स्क्रूंत मिळून. तेच स्क्रू कपाटाच्या मधोमध मारले तर ३८. म्हणून स्क्रू वर, जितके वर तितके चांगले. खालची रांग फक्त कपाट हलू नये म्हणून, दोन पुरे.

तेव्हा ताई, पोकळी भरणं हे स्क्रूइतकंच महत्त्वाचं. प्रत्येक स्क्रूच्या मागे १० मिमीचं पॅकिंग. पुठ्ठा नको, दबतो.

सहा_सूत · संध्याकाळी ७:३०

सनमायकाचे तुकडे सोबत ठेवा. एक मिमीचे असतात, जाडी हवी तशी जमते. प्लायचा तुकडा अधिक दोन सनमायका असं करून मोजा. स्क्रू त्यांच्यामधूनच गेला पाहिजे, शेजारून नाही.

आणि जुन्या भोकांच्या जवळ नवी नको, निदान तीन-चार इंच सरकून. वर सहा स्क्रू घ्या, म्हणजे एखादं भोक फसलं तरी फरक पडत नाही.

रात्रपाळी · रात्री ११:५०

वायरमन बोलतोय. भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड बघा. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरचा पाइप असतो. चिमणीचा पॉइंट वर असेल तर तिथे येणारी वायर तुमच्या कपाटामागूनच गेलेली असू शकते. पाण्याचे पाइप नळाच्या रेषेत बघा. बांधकाम चालू असताना काढलेले फोटो असतील तर तेच सगळ्यात भारी. भोक पाडताना मेन बंद ठेवा, ड्रिल शेजाऱ्यांकडच्या बोर्डावरून.

मिसळणाचा डबा · बुधवार, सकाळी १०:१५

रात्रपाळी, तुमचे उपकार. नवऱ्याच्या फोनमध्ये फ्लॅटचे जुने फोटो निघाले. चिमणीचा पाइप बरोबर माझ्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या भोकाच्या जागी. ते भोक चार इंच उजवीकडे घेते.

मिसळणाचा डबा · रविवार, संध्याकाळी ६:२०

झालं! दोन दिवस लागले.

दुकानदाराने एएसीची गिट्टी नाही म्हटलं, दुसऱ्याने दाखवली ती साधीच, तिसऱ्याकडे मिळाली. पिळदार, ८ ची. स्क्रू १० बाय १००, पिवळे, बसक्या डोक्याचे, वर वॉशर. ते एका दुकानात ७५ चे होते आणि "तेवढ्यात होतं ताई" म्हणून गळ्यात मारत होते. मी काउंटरवर बेरीज करून दाखवली.

कपाट दोघांनी उतरवलं, खाली पाटांची चळत आणि त्यावर जुनी उशी. भोकं हातोडी बंद करून. भुकटी सायकलच्या पंपाने उडवली, चष्मा लावून, तरी सगळं स्वयंपाकघर पांढरं. खालच्या दोन भोकांना टाइल होती. तिथे चिकटपट्टी लावून टाइलच्या बिटने हळूहळू, एकही तडा नाही गेला. वर सहा. त्यातली पाच गिट्टी घट्ट, सहावी फिरत राहिली. जांभा यांचं आठवून तिला सोडलं आणि दोन इंच बाजूला नवी.

एक चूक केली ती सांगते. पहिला स्क्रू ड्रिलनेच पूर्ण पिळला, जोरात. गिट्टी आतच गरगरली आणि भोक वाया. बाकीचे शेवटचे दोन-तीन फेरे हाताने.

बाकी दोन कपाटांचे स्क्रूही काढून पाहिले. तेच काळे, तेच ५०. दोन्ही पुढच्या शनिवार-रविवारी.

पोस्टकार्ड आता जात नाही. पितळेची भांडी मात्र खालच्या ट्रॉलीत गेली, त्यावर सासूबाई आणि मी एकदाच्या एकमताच्या झालो.

ओळंबा · संध्याकाळी ७:००

उत्तम. पहिले दोन दिवस अर्धेच डबे ठेवा. महिन्याने वरच्या फटीत पुन्हा पोस्टकार्ड घालून बघा. आणि काढलेला वाकडा स्क्रू त्या ठेकेदाराला दाखवायला ठेवा.

गिरमिट · रात्री ८:१५

आज दुपारी डोंबिवलीच्या कपाटाचा एक स्क्रू काढून बघितला. तांबडी भुकटी. लांबी ७५. गंज आहे. बदलतोय. एवढंच सांगायचं होतं.

उगाच · रात्री ८:३०

मंडळी, मला ओट्यावर पाण्याचा फिल्टर लावायचाय. कुठला स्क्रू घेऊ?

ओळंबा · रात्री ८:३५

भुकटी कुठल्या रंगाची?